समुद्राचे शेवाळ आणि वांग्याच्या मुळावरच्या गाठी



मागल्या उन्हाळ्यात आरमोरी तालुक्यात, वैनगंगेच्या काठच्या एका गावी, एका बाईंच्या वांग्याच्या वाडीत गेलो होतो. जमीन रेताड, पाण्याची सोय चांगली, शेणखतही घातलेले. तरी झाडे गुडघ्याच्या वर जाईनात. पाने पिवळी पडलेली. दुपारी झाड मान टाकी आणि संध्याकाळी पुन्हा ताजे दिसे.

बाई म्हणाल्या, "साहेब, समुद्राच्या शेवाळाचं औषध तीनदा मारलं जी. दुकानदारानं सांगतलं का मुळातले किडे मरतेत. पैसा गेला, पण झाड काही उठूनच नाही राह्यलं."

त्यांना मी काय बोलणार? दोन वर्षांपूर्वी त्याच वाडीत पाने पाहून 'युरिया द्या, जस्त द्या' असे सांगून मीच निघून गेलो होतो. मूळ काढून पाहिले नव्हते. ती चूक माझी. या वेळी मात्र एक झाड खुरप्याने अलगद काढले आणि मुळे बादलीत धुतली. मणी ओवावेत तशा मुळांवर गाठीच गाठी होत्या.

हा सूत्रकृमीचा उपद्रव. जमिनीतला हा किडा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. पिल्लू कोवळ्या मुळात शिरते, तिथेच ठाण मांडते, आणि त्याच्याभोवती मूळ फुगून गाठ होते. मादी काही शेकडा अंडी घालते. उन्हाळ्याच्या उबेत महिनाभरात पुढची पिढी तयार होते. गाठींमुळे मुळातून वर पाणी चढत नाही, म्हणून ओल असूनही झाड कोमेजते. याच जखमांतून मर रोगालाही वाट मिळते. वांगी, टमाटर, मिरची, भेंडी, काकडी, मूग यांवर हा किडा येतो आणि हलक्या, रेताड जमिनीत जास्त फोफावतो.

मूग, हरभरा यांच्या मुळांवर नत्राच्या उपयोगी गाठीही असतात. त्या मुळाला चिकटलेल्या असतात, नखाने सुटतात आणि आतून गुलाबी दिसतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेले असते. ती सुटून येत नाही.

आता शेवाळाच्या औषधाविषयी. हे थोतांड नाही. तामिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर कोळी बायका बांबूच्या तराफ्यांना बांधून कप्पाफायकस नावाचे शेवाळ वाढवतात. त्याचा रस काढून पिकाला देण्याची पद्धत भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायने संशोधन संस्थेने विकसित केली. या रसात पालाश असतो, तसेच मुळांची व फुटव्यांची वाढ करणारी द्रव्येही असतात. दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी १९८३ मध्ये सूत्रकृमी असलेल्या मातीत टमाटरला शेवाळाचा अर्क देऊन त्याचा परिणाम तपासला. १९९४ मध्ये इंग्लंडमधील अभ्यासात दुसऱ्या एका शेवाळाच्या अर्काने सूत्रकृमीची अंडी घालण्याची क्षमता घटलेली आढळली. म्हणजे आधार आहे. पण असे बरेचसे प्रयोग कुंडीतले असतात. कुंडी वेगळी आणि आपली वाडी वेगळी.

मुख्य गोष्ट ही की हा अर्क मुळाला बळ देतो, किड्याला विष देत नाही. मादी गाठीत बसली की पानावर मारलेल्या फवाऱ्याने ती बाहेर निघत नाही. बाईंनी तीनदा फवारले ते गाठी भरल्यानंतर, आणि तेही पानांवर. कायदाही हेच सांगतो. २०२१ मध्ये शेवाळाचे अर्क खत नियंत्रण आदेशात जैव-उत्तेजक म्हणून घेतले गेले. 'किडे मारतो' म्हणून विकायचे असेल तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते. म्हणून बाटलीवरचे लेबल वाचा आणि पक्के बिल मागा.

मग करावे काय? आधी कमी खर्चाचे उपाय करा.

पहिले, एप्रिल-मे मध्ये दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा खोल नांगरट करा. मातीबरोबर मुळेही उन्हात उघडी पडू द्या. पीक संपल्यावर गाठीची मुळे वाडीत ठेवू नका, गोळा करून जाळा.

दुसरे, रोप निरोगी हवे. रोपाच्या वाफ्यात चौरस मीटरला २०० ग्रॅम निंबोळी पेंड मिसळा. उन्हाळ्यात वाफा ओला करून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक चार ते सहा आठवडे घट्ट पसरले तर उन्हाच्या तापाने बरेच किडे मरतात. गाठीचे रोप शेजाऱ्याकडूनही आणू नका.

तिसरे, एक टन शेणखतात एक क्विंटल निंबोळी पेंड व दोन किलो ट्रायकोडर्मा मिसळून सावलीत पंधरा दिवस ओलसर ठेवा आणि लागवडीआधी मातीत घाला.

चौथे, पिकाची पाळी बदला. वांग्यावर टमाटर, टमाटरवर मिरची असे करू नका. मध्ये दोन-तीन महिने झेंडू किंवा तीळ घ्या. झेंडूच्या मुळांतले द्रव्य या किड्याला मारक असते. मात्र बांधावर चार झाडे लावून भागत नाही, पूर्ण तुकड्यात झेंडू हवा.

हे सारे करून शेवाळाचा अर्क द्यायचा असेल तर जरूर द्या. लागवडीच्या वेळेपासून, लेबलवरच्या मात्रेने, मुळाशी ओता. पण चार ओळी बिनअर्काच्या ठेवा. दीड महिन्याने दोन्हीकडची दोन-दोन झाडे काढून मुळे धुवा. फायदा झाला की नाही, ते मूळच सांगेल.

एक इशारा. जुन्या सवयीने कोणी फोरेट मागतो. ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर बंदी आहे. भाजीच्या वाडीत ते विष नकोच.

धानालाही याच जातकुळीतला एक किडा लागतो. पऱ्हे पिवळे पडले तर उपटून मुळाचे टोक पाहा. ते आकड्यासारखे वळून सुजले असेल तर संशय घ्या. पऱ्ह्याचा वाफा कोरडा पडू देऊ नका.

खात्री नसेल तर पाच-सात झाडांच्या मुळाजवळची वीतभर खोलीची माती, मुळांसकट, पावशेर घ्या. खताच्या तपासणीची माती आपण वाळवतो, ही मात्र वाळवू नका. किडे जिवंत राहायला हवेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सावलीतून सोनापूर किंवा सिंदेवाहीच्या कृषी विज्ञान केंद्राकडे न्या आणि सल्ला घ्या.

त्या बाईंनी वाडीत पावसाळी झेंडू घेतला आणि दसरा-दिवाळीला फुले विकली. आता तिथे पुन्हा वांगी आहेत, अर्ध्या ओळी अर्काच्या आणि अर्ध्या बिनअर्काच्या. झाडे हिरवी दिसतात. पण नुसती पाने पाहून बोलण्याची चूक मी एकदा केली आहे. येत्या महिन्यात बाईंसोबत बसून मुळे धुणार आहे. तुम्हीही औषधाला पैसे मोजण्याआधी एक झाड उपटून पाहा.