दोन अटॅकच्या मधला काळ

वर्सोव्याच्या बाजारात मासळी साफ करणारी तिशीतली एखादी ताई दवाखान्यात येते आणि सांगते, "मान खाली घातली की पाठीतून करंट जातो, डॉक्टर." दिवसभर कोयत्यावर वाकलेली मान आणि बर्फात हात. आपण स्पाँडिलोसिस म्हणून मोकळे होतो, बोटांच्या बधिरपणाचं खापर बर्फावर फोडतो. पुष्कळदा ते बरोबरही असतं. पण हे लर्मिटचं लक्षण आहे आणि या वयात ते दिसलं तर मल्टिपल स्क्लेरोसिस मनात यायलाच हवा. मागे कधी एका डोळ्याला अंधुक दिसून, डोळा हलवताना दुखून, आपोआप बरं वाटलं होतं का, एवढं विचारायला मिनिटभरही लागत नाही.

एमएस हा थंड देशांतल्या गोऱ्यांचा आजार, हा समज आपल्यात अजून टिकून आहे. याच मुंबईत डॉ. नोशिर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 साली पारशी समाजात एमएसचं प्रमाण लाखामागे विसाच्या वर दाखवलं, इतर भारतीयांच्या तेव्हाच्या अंदाजांपेक्षा कितीतरी पट. शहर तेच, ऊनही तेच. म्हणजे आनुवंशिकतेचा वाटा मोठा. एचएलए-डीआरबी1*15:01 हा त्यातला सर्वांत ठळक दुवा. पुढे एमआरआय सर्वत्र आला आणि बाकीच्या समाजांतही रुग्ण दिसू लागले.

नुसत्या जनुकांनी मात्र आजार होत नाही. अमेरिकी लष्करातल्या एक कोटीहून अधिक जवानांचा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एपस्टाइन-बार विषाणूच्या संसर्गानंतर एमएसचा धोका 32 पटींनी वाढलेला आढळला. तरीही त्याची अँटिबॉडी तपासायला पाठवू नका. बहुतेक प्रौढांमध्ये ती असतेच, निदानाला तिचा उपयोग नाही. धूम्रपान आणि किशोरवयातला लठ्ठपणा धोका वाढवतात. 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता जरूर भरून काढा, पण ती औषधाची जागा घेणार नाही. सिगारेट सोडवणं सर्वांत हातातलं, कारण ती आजार सुरू झाल्यावरही अपंगत्वाचा वेग वाढवते.

मला कळकळीनं बोलायचंय ते आजाराच्या वाटचालीबद्दल. सुमारे 85 टक्के रुग्णांत सुरुवात अटॅकनं होते. स्टिरॉइड दिलं, बरं वाटलं, पुढचं वर्षभर अटॅक नाही, की केसपेपरवर आपण 'स्थिर' लिहितो. गेल्या काही वर्षांतल्या अभ्यासांनी या शब्दाला धक्का दिला आहे. अटॅक नसतानाही जुन्या जखमांच्या कडेला मायक्रोग्लिया धुमसत राहतात, अ‍ॅक्सॉन झिजतात, मेंदूचं आकारमान घटतं. हे सुरुवातीच्या वर्षांतही चालू असतं. रुग्णाला ते वेगळ्या रूपात जाणवतं: यारी रोडवरून वर्सोवा मेट्रोपर्यंत सलग चालणारा माणूस आता मध्ये एकदा टेकतो, लघवीला घाई होते, दुपारनंतर अंगात त्राण उरत नाही. विचारल्याशिवाय यातलं काहीच तो सांगत नाही. वय झालं, दगदग झाली, असं म्हणून घरचेही सोडून देतात.

उलटही घडतं. मे महिन्याच्या उकाड्यात किंवा तापात जुनी लक्षणं काही तास उफाळतात. तो नवा अटॅक नव्हे. स्टिरॉइड सुरू करण्याआधी लघवीची तपासणी करा, ताप उतरवा.

प्रत्येक भेटीत रुग्णाला 25 फूट शक्य तितक्या वेगानं, पण सांभाळून चालायला लावा आणि सेकंद नोंदवा. दवाखान्याबाहेरचा पॅसेज त्याला पुरतो. आधीच्या वेळेपेक्षा वीस टक्क्यांनी अधिक वेळ लागला आणि पुढच्या भेटीतही तसंच दिसलं, तर पुढच्या अटॅकची वाट न पाहता रुग्णाला न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवा. सोबतच्या चिठ्ठीत ते आकडे लिहा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा स्पष्ट उल्लेख आहे, तेव्हा प्रमाणपत्रासाठी अर्ज करायलाही त्याच भेटीत सांगा.