खो देणाऱ्याची किंमत कशी ठरवायची?

खो-खोच्या सामन्याची कुठलीही बातमी उघडा. खेळाडूच्या नावापुढे कंसात दोनच गोष्टी असतात: संरक्षणात किती वेळ टिकला आणि आक्रमणात किती गडी बाद केले. पळणाऱ्याला कोंडीत पकडणारे आधीचे चार खो कोणी दिले, हे कुठेच सापडत नाही. धाराशिवमध्ये खो-खो हा नुसता शाळेचा खेळ राहिलेला नाही, त्यामुळे ही उणीव आता खेळाडूंच्या खिशाला लागते.

२०२२ मध्ये सहा संघांची अल्टिमेट खो-खो लीग सुरू झाली. आयपीएलसारखा लिलाव नव्हता, ड्राफ्ट होता. म्हणजे बोली लागत नाही; खेळाडूंचे गट आधीच पाडलेले, रक्कम ठरलेली आणि संघ पाळीपाळीने नावे उचलतात. अ गटाला ५ लाख, ड गटाला १ लाख. सगळी मारामारी गट कोणता मिळतो याचीच.

अमेरिकन फुटबॉलमध्ये हा पेच जुना आहे. तिथल्या 'ऑफेन्सिव्ह लाइन'मधले पाच धिप्पाड गडी चेंडू घेऊन पळत नाहीत. समोरच्याला अडवून दुसऱ्याला वाट करून देतात. त्यांच्या नावावर गुण लागत नाहीत. कॉलेजमधून असा खेळाडू निवडताना एनएफएलचे संघ उंची, वजन, हाताची लांबी मोजतात, १०२ किलोचा बार किती वेळा उचलतो तेही पाहतात. पण खरा निकाल लागतो व्हिडिओवर, तोही चेंडूकडे न बघता. तरी चुका होतातच. जेसन केल्सी या पोजिशनसाठी अंगाने लहान मानला गेला आणि २०११ च्या ड्राफ्टमध्ये १९१ व्या क्रमांकावर निवडला गेला. पुढे एकाच संघाकडून तो १३ हंगाम खेळला, सुपर बोलही जिंकला.

खो-खोतही नजर पळणाऱ्यावरून काढून बसलेल्यावर ठेवावी लागेल. खो मिळाल्यावर तो किती चटकन उठतो? खो मिळण्याआधीच उठून फाउल करतो का? हूल दाखवून पळणाऱ्याला खांबाकडे ढकलतो, की समोर दिसला म्हणून नुसता मागे धावतो? फाउल झाला की धावणाऱ्याला उलट दिशेने जावे लागते आणि हातातोंडाशी आलेला गडी निसटतो. ही चूक गुणपत्रिकेतल्या 'शून्य गडी'पेक्षा भारी आहे. लीगमध्ये कोणत्याही दिशेला पळू शकणारा 'वजीर' आल्यापासून तर बाद केलेल्या गड्यांचे श्रेय त्याच्याकडेच जास्त जाते. त्याला योग्य क्षणी खो देणारा आणखी झाकला जातो.

संरक्षणाचा वेळही फसवा असतो. तुकडीतल्या पहिल्या गड्याने आक्रमकांची दमछाक केली, तर दुसऱ्याचा वेळ वाढलेला दिसतो. दोघांचे मिनिट-सेकंद शेजारी ठेवून तुलना करणे हा अन्याय आहे.

मुलींचा प्रश्न याहून मोठा. उस्मानाबादची सारिका काळे २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघाची कर्णधार होती, २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या महिला संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. लीगचे पहिले दोन हंगाम मात्र पुरुष संघांचेच झाले. ज्या जिल्ह्याचे नाव मुलींनी गाजवले, तिथल्या मुलींना ड गटाचाही भाव लागला नाही. त्यांच्यासाठी निवड चाचणी आणि सरकारी नोकरीतले ५ टक्के खेळाडू आरक्षण हाच आधार, आणि तिथे संघात नाव येणे हेच सगळे.

म्हणून नोंद बदलायला हवी, आणि तिला फार खर्च नाही. खांबामागे तिपाईवर एक मोबाइल लावायचा, गुणपत्रिकेत दोन रकाने वाढवायचे: गडी बाद होण्याआधीचे शेवटचे तीन खो कोणाचे आणि फाउल कोणाचा. जिल्हा संघटनांना हे पुढच्या निवड चाचणीपासून सुरू करता येईल.