भाकरी कोणी थापली?

३ सप्टेंबर १९४२ रोजी तासगावच्या मामलेदार कचेरीवर मोर्चा गेला आणि कचेरीवर तिरंगा फडकला. तेव्हा सातारा जिल्ह्यात असलेल्या या तालुक्याचा तो अभिमानाचा दिवस. पुढे प्रतिसरकारच्या काळात भूमिगतांना ‘गावकऱ्यांनी भाकरी पुरविली’, असे आपण वर्गात शिकवितो, सभेत सांगतो. पण ती भाकरी थापली कोणी? ‘गावकरी’ या एका शब्दात निम्मे गाव गडप झाले आहे.

क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या कन्या हौसाताई यांनी १९४३ साली भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर मार खाणाऱ्या बाईचे सोंग वठविले. पोलीस भांडण सोडविण्यास धावले आणि सहकाऱ्यांनी आतील बंदुका लांबविल्या. हौसाताई सप्टेंबर २०२१ मध्ये निवर्तल्या. त्यांच्या आठवणी निदान उतारवयात तरी टिपल्या गेल्या. परंतु ज्यांचा पिता क्रांतिसिंह नव्हता, त्यांचे काय? आणि त्यांतही जिचे घर वेशीबाहेर होते, तिचे काय?

फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी किराणा दुकानात बसून लिहिलेले कागद वर्षानुवर्षे घरच्यांपासून लपविले. ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक १९८६ साली निघाले. दबलेल्यांना बोलता येते काय, हा गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांचा गाजलेला निबंध त्यानंतर, १९८८ सालचा. बोलणे अडते ते जिभेपाशी नव्हे, ऐकणाऱ्याच्या कानापाशी, हे त्या लपविलेल्या कागदांनी आधीच सिद्ध केले होते.

आता विद्यापीठांत या विषयावर प्रबंध होतात, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र प्रबंधात बाईचे दुःख येते आणि तिचे नाव गळते, हा अनुभव नवा नाही. तिच्यासंबंधी बोलणे म्हणजे तिला बोलू देणे नव्हे. म्हणून आमच्या प्राध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी काही पथ्ये पाळावीत. तिची संमती असेल तर नाव लिहावे; तिची बोली लाल शाईने ‘शुद्ध’ करू नये; आणि लिहिलेले छापण्यापूर्वी तिला वाचून दाखवावे. बेदाणा निवडणाऱ्या आजच्या मजूर स्त्रियांनाही हाच न्याय लागू आहे.

१९४२ साली जी पंधरा वर्षांची होती, ती आज शंभरीच्या उंबरठ्याशी आहे. तिच्याकडून ऐकलेल्या लेकी-सुनाही आता थकल्या आहेत. वही घेऊन त्यांच्या ओसरीवर जाण्यास आणखी उशीर केला, तर भाकरी कोणी थापली हे सांगणारे या तालुक्यात कोणीच उरणार नाही.