कोरडं घरून न्या, पाणी तिथे घाला

दिवाळीचा फराळ संपला की मिरा रोड-भाईंदरच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तंबूंचे फोटो फिरायला लागतात. कुणाला पवनेच्या काठी जायचं असतं, कुणाला केळव्याच्या समुद्रावर, कुणाला भंडारदऱ्याला, हौशी पोरांना हरिश्चंद्रगडावर. तारीख ठरते, गाडी ठरते, कोण कुणाच्या तंबूत झोपणार तेही ठरतं. रात्रीच्या जेवणाचा विषय मात्र निघायच्या आदल्या संध्याकाळी निघतो. मग कुणीतरी पुलावाचं पातेलं भरून आणतो आणि कुणीतरी मॅरिनेट केलेलं चिकन डिकीत टाकतो. त्यातलं निम्मं रात्री टाकून द्यावं लागतं. उरलेलं निम्मं टाकून द्यायला हवं होतं, हे सकाळी पोट सांगतं.

म्हणून हे सांगणं. बाहेर मुक्कामाला जाताना रात्रीचं जेवण घरूनच तयार करून न्या, पण शिजवून नव्हे, कोरडं करून. अन्न नासवतं ते पाणी आणि पाठीवर जड होतं तेही पाणीच. भाजणं, निवडणं, कुटणं, वाळवणं ही सगळी कामं घरच्या ओट्यावर उरका. पाणी घालायचं काम तेवढं तिथे ठेवा.

आधी एक हिशेब करा. जेवण घरी तयार झाल्यापासून तोंडात जाईपर्यंत किती तास जाणार आहेत? शनिवारी दुपारी निघून विरारला डहाणू लोकल पकडली तर केळव्याला संध्याकाळी जेवायला बसता येतं. तिथे भाजी-पोळी नेली तरी निभावतं. पण शुक्रवारी रात्री दादरला उतरून मध्यरात्रीची कसारा लोकल धरायची, पहाटे जीपने हरिश्चंद्रगडाखालच्या पाचनईला पोहोचायचं आणि शनिवारी दिवसभर चालून रात्री जेवायचं, असा बेत असेल तर शुक्रवारी संध्याकाळी सातला केलेली भाजी तुम्ही पंचवीस तासांनी खाणार आहात. शिजलेलं ओलं अन्न पाच ते साठ अंश सेल्सिअसच्या मध्ये दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असा अन्नसुरक्षेचा सर्वसाधारण नियम आहे. उकाड्यात तर एकच तास धरतात. ऑक्टोबरच्या दुपारी घोडबंदर रोडवर अडकलेल्या गाडीच्या डिकीत काय होत असेल त्याची कल्पना करा. पवनेला जायचं म्हटलं तर निम्मा वेळ तिथेच जातो.

सगळ्यात दगा देतो तो भात. तांदळात बॅसिलस सिरीयस नावाच्या जिवाणूची बीजं असतात, ती शिजवताना मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती उगवतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. वास येत नाही, चव बदलत नाही. त्यामुळे ‘चांगला आहे की, गरम करून घेऊ’ हे वाक्य भाताच्या बाबतीत उपयोगाचं नाही. ओलं खोबरं, पनीर, उकडलेल्या बटाट्याची भाजी, दहीभात हेही घरीच ठेवा. चिकन न्यायचंच असेल तर दोन दिवस आधी मसाला लावून दगडासारखं गोठवा, बर्फाच्या पेटीत तळाशी ठेवा आणि त्याच संध्याकाळी पूर्ण शिजवून संपवा. पेटी नसेल तर नेऊ नका.

दुसरा हिशेब आगीचा. लोकलने जाणार असाल तर शेगडी, गॅसचा छोटा डबा, स्पिरिट, रॉकेल यातलं काहीही बरोबर नेता येत नाही. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६४ प्रमाणे ज्वालाग्राही वस्तू गाडीत नेल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दंडाची रक्कम वाचून हसू येतं, पण २६ ऑगस्ट २०२३ ला मदुराईत उभ्या असलेल्या पर्यटकांच्या डब्यात काय झालं ते आठवा. लपवून नेलेल्या सिलिंडरवर पहाटे चहा करताना डबा पेटला आणि नऊ जण गेले. तीही आपल्यासारखीच फिरायला निघालेली माणसं होती. कळसुबाई आणि हरिश्चंद्रगड ही दोन्ही ठिकाणं तर एकाच अभयारण्यात येतात. वन्यजीव कायद्याने अभयारण्यात आग लावायला मनाई आहे. तिथे मुक्काम करता येईल का आणि कुठे, हे वनखात्याकडे आधी विचारून घ्या. तेव्हा रेल्वेने किंवा अभयारण्यात जाणार असाल तर चुलीवाचून होणारं जेवण न्या. स्वतःच्या गाडीने, परवानगी असलेल्या कॅम्पवर जाणार असाल तर शेगडी चालेल. ती तंबूच्या आत मात्र कधीच पेटवू नका, बाहेर पाऊस असला तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

चुलीवाचूनच्या जेवणाला आपल्याकडे काय कमी आहे? दशमी घ्या. पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवायचं, तव्यावर तूप सोडून भाजायची. दोन दिवस मऊ राहते, गूळ घातला तर मुलं नुसतीच खातात. भाईंदर पश्चिमेला शेजारी गुजराती असतीलच, त्यांना थेपल्यांचं प्रमाण विचारा. प्रवासाच्या जेवणाची अक्कल त्या समाजाइतकी फार थोड्यांना आहे. दशमी असो, थेपला असो की तिखटमिठाच्या पुऱ्या, डब्यात भरण्याआधी सुती कापडावर पसरून पूर्ण गार करा. गरम भरल्या तर वाफेचं पाणी होतं आणि दुसऱ्या दिवशी बुरशी दिसते. वर्तमानपत्रात गुंडाळू नका. छपाईच्या शाईपायी त्यात अन्न बांधू नये, हे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, २०१६ मध्येच सांगितलं आहे. कापड किंवा केळीचं पान पुरतं.

त्याच्याबरोबर शेंगदाण्याची, जवसाची किंवा कारळाची चटणी. मेतकुटाची एक डबी आणि अर्धा किलो पातळ पोहे असतील तर रात्रीचं एक जेवण झालंच म्हणा. पोह्यांवर पाण्याचा हबका मारायचा, मेतकूट, मीठ, घरून आणलेली गार फोडणी आणि तिथे चिरलेला कांदा घालून कालवायचे. पाच मिनिटं झाकून ठेवले की चार माणसं जेवतात. गोडाला सातूचं पीठ. भाजलेल्या गव्हाचं आणि डाळ्याचं ते पीठ गूळ-पाण्यात कालवलं की लागलीच खाता येतं. आजकाल परदेशी पाकिटांतून ‘इन्स्टंट’ म्हणून जे विकतात, ते आपल्या आज्या उन्हाळ्यात डबे भरून ठेवायच्या.

उत्तनचं सुक्या मासळीचं दुकान विसरू नका. वलांड्यांवर वाळलेला बोंबील आणि जवळा आपल्याच शहरात मिळतो. त्यासाठी कुठे लांब जायला नको. जवळा घरी निवडून, कोरडाच खरपूस भाजून, लसूण, लाल तिखट आणि सुक्या खोबऱ्याबरोबर भरडसर कुटा. चार दिवस टिकतो, दशमीबरोबर लागतोही झकास. डबा मात्र घट्ट झाकणाचा हवा. लोकलच्या सेकंड क्लासमध्ये जवळ्याचा डबा सांडला तर अंधेरीपर्यंत सगळा डबा तुमच्याकडे बघत बसेल. उत्तन-डोंगरीच्या ईस्ट इंडियन घरांतून बाटली मसाला मिळाला तर चिमूटभर तोही बांधून घ्या. पिठल्याला त्याने वेगळीच धार येते.

आता शेगडी असणाऱ्यांसाठी. चार माणसांच्या खिचडीला दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मूगडाळ घरीच धुवा, पंख्याखाली कपड्यावर पसरून खडखडीत वाळवा आणि कढईत हात लावून चटका बसेल इतपत भाजा. यामुळे तिथे धुवायला पाणी लागत नाही, आणि तळ्याकाठच्या मुक्कामातही प्यायचं पाणी मोजूनच असतं. गार झालं की त्यातच हळद, हिंग, गोडा मसाला, मीठ, भाजलेले जिरे आणि तळून कुरकुरीत केलेला कढीपत्ता मिसळा. पाकीट चारशे ग्रॅमच्या आसपास भरतं. शिजल्यावर तीच खिचडी दीड किलोच्या घरात जाते, म्हणजे मधला किलोभर भार तुम्ही वाहिलाच नाही. तिथे आठ वाट्या पाण्यात अर्धा तास भिजवा, उकळी आणा, बारीक आचेवर दहा-बारा मिनिटं ठेवा. मग गॅस बंद करून पातेलं जाड चादरीत गुंडाळून ठेवा. उरलेलं ती आपली आपण शिजते. तूप वेगळं न्या.

तूरडाळ आणि राजमा नेऊ नका. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, साधारण दर तीनशे मीटरला एक अंश. हजार मीटरवरच्या मुक्कामात तीन अंशांची तूट येते आणि कुकर नसेल तर तूरडाळ गॅसचा डबा संपवते, स्वतः मात्र शिजत नाही. मूग, मसूर, बेसन आणि कुळीथ ही डोंगरातली माणसं. कुळथाचं पीठ तर सगळ्यांत गुणी. घरी त्यात तिखट, मीठ, हिंग आणि सुकी आमसुलं घालून ठेवा, तिथे फोडणीच्या पाण्यात वैरलं की पाच मिनिटांत पिठी तयार.

भाकरी मात्र पाठीवर नेऊ नका, गावात सांगा. कळसुबाईखालची बारी असो की पाचनई, सकाळी चढताना एखाद्या घरी ‘संध्याकाळी इतक्या भाकऱ्या हव्यात’ असं सांगून पैसे द्यावेत. त्या घराला चार पैसे मिळतात, तुम्हाला गरम नाचणीची किंवा तांदळाची भाकरी मिळते. त्यांच्याच चुलीवर तुमची कुळथाची पिठी उकळून मागितली तरी कुणी नाही म्हणत नाही. ‘घरून तयार’ म्हणजे गावाला वळसा घालून जाणं नव्हे. तिथे घासाघीस करू नका. मिरा रोड स्टेशनबाहेरच्या सँडविचला आपण मुकाट्याने जितके मोजतो, त्यापेक्षा भाकरी महाग नसते.

आपल्या शहरातल्या ग्रुपची आणखी एक गोष्ट, जी पुण्याच्या ट्रेकिंगवाल्यांना सहसा सुचत नाही. आपल्याकडे एका मजल्यावर जैन, कोळी, मुसलमान, मराठी आणि मारवाडी राहतात आणि तीच माणसं एकत्र फिरायला निघतात. तेव्हा मुख्य पातेल्यात कांदा-लसूण घालूच नका. लसणीची चटणी, तळलेला कांदा, जवळा वेगवेगळ्या डब्यांत, ज्याला हवं त्याने वरून घ्यावं. नयानगरचे कबाब कुणी आणणार असेल तर तव्याचंही आधी बोलून ठेवा. ग्रुपमध्ये कुणी चौविहार पाळत असेल तर सूर्यास्ताआधी त्याचं जेवण व्हायला हवं आणि डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. साडेचारला पोहोचून, सामान उतरवून, डाळ निवडायला बसलात तर तो माणूस उपाशी झोपेल. पाकीट तयार असेल तर तासाभरात सगळे बरोबर जेवतात. मला विचाराल तर घरून तयारी करण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, वजन आणि गॅस नंतर.

ही तयारी कोण करणार, तेही ठरवून टाका. फिरायला जाणार चार मित्र आणि गुरुवारी रात्री दोन वाजेपर्यंत दशम्या लाटणार आई किंवा बायको, ज्या घरीच राहणार आहेत, हे बरं दिसत नाही. जो जाणार त्याने भाजावं आणि त्यानेच कुटावं. खिचडीचं पाकीट करायला स्वयंपाक यावा लागत नाही, वाटी मोजता आली की झालं.

परतीचंही सामान आधीच धरा. कचऱ्याची एक जाड पिशवी, खरकटं पुसायला जुनं कापड. थर्माकोलच्या थाळ्या आणि प्लास्टिकचे चमचे यांना राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तेव्हा स्टीलचं ताट न्या. भांडी हरिश्चंद्रगडाच्या पुष्करणीत किंवा कुठल्याही टाक्यात बुडवू नका. लोक तेच पाणी पितात, तुम्हीही पिणार आहात. पाणी बाहेर काढून, लांब जाऊन धुवा. रात्री उरलेलं तंबूबाहेर टाकू नका आणि डबे उघडे ठेवू नका, माकडं पहाटे येतात.

पुढचा बेत ठरेल तेव्हा ग्रुपवर गाडीच्या आधी जेवणाची यादी टाका. आणि गुरुवारी संध्याकाळीच तांदूळ धुऊन पंख्याखाली पसरा.