वाडा आणि सौर वीज

मुलांनो, आपल्या नरखेड तालुक्यात उन्हाची वाण आहे, असे वैशाखात तरी कोणी म्हणणार नाही. शेतातील सौर पंप तुम्ही पाहिलेच आहेत. आता सौर पॅनेले घरांच्या छपरांवरही चढू लागली असून २०२४ साली सुरू झालेल्या सूर्यघर योजनेतून त्यांस सरकारी अनुदान मिळते. परंतु ‘कवेलूंवर पॅनेल टिकत नाही, जुना वाडा पाडावा नि स्लॅब टाकावा’, असा सल्ला देणारेही भेटतात. तो मला मान्य नाही.

वाड्याच्या जाड मातीच्या भिंती दुपारची उष्णता सावकाश आत येऊ देतात. स्लॅबचे घर मात्र रात्री उशिरापर्यंत तापलेले असते. म्हणजे वाडा पाडून मिळविलेली वीज कूलर चालविण्यातच खर्ची पडावयाची!

पॅनेलचे वजन वीस किलोंहून अधिक असते आणि वादळात त्याला हिसका बसतो तो निराळाच, हे खरे. केवळ कवेलू पेलण्यासाठी रचलेल्या वाशांना तो भार सोसेलच असे नाही. खिळे ठोकावेत, तर कवेलू फुटतात, पाणी झिरपते आणि भिंती खचू लागतात. पण पॅनेल वाड्याच्या माथ्यावरच हवे, असे कोणी सांगितले? सूर्याला वाडा आणि गोठा सारखेच. परसात लोखंडी मांडव उभारून पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे करावे. आपण सुमारे साडेएकवीस अंश उत्तर अक्षांशावर राहतो. साधारण तितकाच उतार त्याला दिला, की झाले. उद्या मांडव काढला, तरी वाड्यावर ओरखडाही राहणार नाही.

संरक्षित स्मारकांना १९५८ च्या कायद्याचे कवच आहे. आपल्या खाजगी वाड्यांना बहुधा ते नाही. त्यांचे रक्षण घरच्यांनीच करावयाचे.

इटलीतील प्राचीन पाँपेई नगरात काही घरांवर कौलांसारखीच दिसणारी सौर कौले बसविली आहेत. इंग्लंडात केंब्रिज येथील किंग्ज कॉलेजच्या प्रार्थनामंदिराचे बांधकाम १४४६ साली सुरू झाले होते. त्याच्या छपराचे शिसे बदलावयाचेच होते; ती संधी साधून २०२३ साली तेथे ४३८ पॅनेले बसविली. विरोध झाला, पण काम तडीस गेले. आपल्याकडेही पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरतात. तेव्हा वासे उघडे पडतात. त्याच वेळी जाणत्या सुताराला बोलावून ते किती भार पेलतील, हे पाहून घेता येईल.