भिंतीवरील नकाशे : शोभा कीं साक्ष ?

यूरोपांतील मध्ययुगीन नगरांच्या जुन्या नकाशांच्या छापील प्रती चौकटींत बसवून दिवाणखान्यांत लावण्याची आवड आज पुष्कळ घरीं दिसते. पिवळसर कागद, तटाची वेटोळी रेषा, दाटीनें उभीं असलेलीं घरें व त्यांतून वर आलेले मनोरे यांनीं भिंत शोभते, यांत संशय नाहीं. कित्येक विचारी गृहस्थांस ही केवळ मिरविण्याची हौस वाटते. माझें मत तसें नाहीं. घरांत सुंदर वस्तु असावी ही इच्छा निर्दोष आहे. प्रश्न एवढाच, कीं कोणती प्रत लावावी व ती कशी पाहावी.

उदाहरणार्थ, जर्मनींतील ऱ्हाईन नदीच्या तीरावरचें कलोन हें नगर घेऊं. तेथील मध्ययुगीन तटाचें काम ११८० सालीं सुरू झालें व मुख्य ख्रिस्तमंदिराचा पाया १२४८ सालीं घातला गेला. आंटोन व्हून्झाम या कलावंतानें १५३१ सालीं नदीपलीकडून दिसणारा या नगराचा देखावा लांकडी ठशांवरून छापला. त्यांत मंदिराच्या अपुऱ्या मनोऱ्यावर दगड चढविण्याची एक यारी उभी आहे. पाहणारास हा चित्रकाराचा चमत्कारिक अलंकार वाटावा. परंतु ती यारी खरोखरच तेथें होती. सोळाव्या शतकांत बांधकाम थांबलें, तरी ती तशीच राहिली. ती १८६८ सालीं उतरविली, व मंदिर पुरें झालें तें १८८० सालीं. पुढच्याच वर्षीं, नगर वाढावें म्हणून, जुना तट पाडण्यास आरंभ झाला. १९४२ च्या मे महिन्यांतील ३० तारखेच्या रात्रीं सुमारें एक हजार विमानें या नगरावर चालून गेलीं. आणि महायुद्ध संपलें तेव्हां मंदिर उभें होतें, पण भोंवतालच्या जुन्या वस्तीचा बहुतेक भाग ढिगाऱ्यांत पडला होता. दगड टिकाऊ व कागद नाशवंत, असें आपण समजतों. येथें दगड गेला आणि कागद साक्ष देण्यास उरला.

अशी साक्ष देणारा एक मोठा ग्रंथ याच कलोनमध्यें निघाला. गेऑर्ग ब्राउन व फ्रान्स होगेनबर्ग यांनीं १५७२ सालीं आरंभिलेल्या या ग्रंथाचे सहा भाग १६१७ पर्यंत प्रसिद्ध झाले. त्यांत पांचशेंहून अधिक नगरचित्रें असून पहिल्याच भागांत आपल्या किनाऱ्यावरचें गोवेंहि आहे. ताम्रपटावर कोरून छापलेल्या या चित्रांच्या पाठीशीं त्या त्या नगराचें वर्णन छापलेलें असे. चित्र आणि लेख हीं एकमेकांसाठीं होतीं. पुढें व्यापाऱ्यांच्या ध्यानांत आलें कीं, सबंध ग्रंथापेक्षां सुटीं पानें विकण्यांत लाभ अधिक. मग शिवणी उसवून, कधीं नवा रंग चढवून, पानें बाजारांत येऊं लागलीं. असें पान चौकटींत बसलें कीं पाठीवरचा लेख भिंतीकडे तोंड करून मुका होतो.

म्हणून माझें स्पष्ट मत असें, कीं शोभेसाठीं नवी छापील प्रतच घ्यावी. ग्रंथांतून काढलेलें पान घेऊं नये. "अस्सल तें अस्सल," असें रसिक म्हणतील. कांहीं पानें किडीनें वा ओलीनें आधींच मोडलेल्या ग्रंथांतलीं असतात, हेंहि खरें. पण गिऱ्हाइकास तें कळावें कसें? गिऱ्हाईक आहे म्हणूनच ग्रंथ मोडला जातो. आपल्या एका भिंतीच्या शोभेसाठीं पुढल्या पिढ्यांचा साक्षीदार फोडण्याचा आपणांस अधिकार नाहीं.

प्रत घेतली म्हणजे काम संपलें असेंहि नव्हे. चौकटीच्या सोयीसाठीं कडेचें साल, कर्त्याचें नांव व स्थळांची यादी कापूं नये. ती डोळ्यांच्या उंचीवर लावावी, म्हणजे वाचतां येईल. आणि साक्षीदाराची उलटतपासणीहि करावी. १४९३ सालीं न्युरेंबर्ग येथें निघालेल्या प्रसिद्ध इतिहासग्रंथांत ६४५ ठशांवरून १८०९ चित्रें छापलीं आहेत; एकच ठसा निरनिराळ्या नगरांच्या नांवांखालीं पुनःपुन्हां वापरला आहे! जुनें आहे एवढ्यानें कोणतेंहि चित्र खरें ठरत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, भिंतीवर असा नकाशा दिसला तर केवळ "वा, सुंदर!" म्हणून पुढें जाऊं नका. हा कोणीं काढला, केव्हां काढला, आणि प्रत्यक्ष पाहून काढला कीं ऐकून, हे तीन प्रश्न त्यास विचारा. ज्या घरांत हे प्रश्न विचारले जातात, तेथें चार आण्यांची प्रतहि खरी संपत्ति होय. जेथें विचारले जात नाहींत, तेथें अस्सल पानहि नुसता रंगीत कागदच.