'नेट नाही' म्हणण्याआधी

आटपाडीत डाळिंबाचे सौदे निघतात तेव्हा बागायतदाराला दोन दर हवे असतात, आजचा आणि आजवरचा. आजचा अडत्याकडून कळतो. आजवरचा अलीकडे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या सॉफ्टवेअरात असतो. कोणत्या बागेचे किती क्रेट गेले, कोणत्या प्रतीला काय मिळालं, फवारणीवर किती खर्च झाला, हे सगळं ते आलेखात मांडून देतं. पण ऐन वेळी ते उघडावं तर पडदा कोरा. मग 'नेट नाही' म्हणून माणूस घरी जातो. माझी तक्रार या निदानाबद्दल आहे, कारण बहुतेकदा ते चुकीचं असतं.

सेवा केंद्रात, दुकानाच्या गल्ल्यावर विंडोज ७ चा संगणक अजून भेटतो. मायक्रोसॉफ्टनं १४ जानेवारी २०२० ला त्याची देखभाल थांबवली. क्रोमची त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती १०९. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११० ला विंडोज १० लागतं. आणि यादी क्रमवार लावून देणारी जावास्क्रिप्टची 'टू-सॉर्टेड' ही सोय क्रोममध्ये आली ती नेमकी ११० लाच. प्रोग्रामरनं दर चढत्या क्रमानं लावायला ती वापरली, की १०९ तिथंच अडतं. वरची पट्टी दिसते, नाव दिसतं, खाली आलेखाच्या जागी काहीच नाही. नेट मात्र सुरळीत चालू असतं. फायरफॉक्सची ११५ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती मात्र विंडोज ७ वर बसते आणि तिला 'टू-सॉर्टेड' कळतं. म्हणजे त्याच संगणकावर, त्याच नेटवर तोच आलेख दिसू शकतो.

म्हणून आधी दुसरा ब्राउझर उघडून पाहावा. मग कंट्रोल आणि एफ-५ एकदम दाबून पान नव्यानं मागवावं. साठवलेली जुनी फाईल आणि नवं पान यांचं जमत नसेल तर एवढ्यानं भागतं. तरी नाही, तर 'इन्कॉग्निटो'त पाहावं. तिथं उघडलं तर दोष बहुधा एखाद्या एक्स्टेन्शनचा असतो. जाहिराती अडवणारी एक्स्टेन्शन्स पत्त्यात 'ॲनालिटिक्स' दिसलं की पाळत समजून ती फाईल रोखू शकतात, आणि आपलं कामाचं सॉफ्टवेअर निव्वळ नावामुळे बंद पडतं. संगणकाची तारीखही बघावी. आतला सेल संपला की ती मागं जाते आणि ब्राउझर सुरक्षित साईटलाही असुरक्षित ठरवतो.

पण ही सगळी खटपट बागायतदारानं का करावी? जुन्या ब्राउझरसाठी पूरक कोड जोडता येतो, त्याला 'पॉलिफिल' म्हणतात. 'टू-सॉर्टेड'साठी तो तयार मिळतो. वर्षाची फी घेणाऱ्या कंपनीनं तो जोडावा. तेही नको असेल तर कोणता ब्राउझर, किमान कोणती आवृत्ती, हे लॉगिनच्या पानावर मराठीत लिहावं. सरकारी संकेतस्थळांसाठीच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना २००९ पासून आहेत आणि वेगवेगळ्या ब्राउझरांवर तपासणी त्यांनाही अपेक्षित आहे. तरीही क्रोमनं २०१५ मध्ये जावाचं प्लगिन बंद केल्यावर ई-निविदा भरणारे कंत्राटदार इंटरनेट एक्सप्लोररला चिकटून राहिले, कारण डिजिटल सही तिथंच उमटायची. १५ जून २०२२ ला मायक्रोसॉफ्टनं त्या ब्राउझरचाही आधार काढला. खासगी सॉफ्टवेअर घेताना तरी करारात ब्राउझरचं कलम मागून घ्या. तालुक्यातल्या खरेदी-विक्री संघांनी, दूध संस्थांनी ते एकत्र मागितलं तर कंपनीला ऐकावंच लागेल.

तोवर तक्रार करताना 'चालत नाही' एवढंच सांगू नका. कोऱ्या पानावर एफ-१२ दाबा, 'कन्सोल' निवडा, तिथली लाल ओळ अख्खी टिपेल असा फोटो काढा. ब्राउझरची आवृत्ती 'हेल्प'मधल्या 'अबाउट'मध्ये मिळते. फोटोसोबत ती आणि विंडोजचा क्रमांक पाठवा. एवढ्या माहितीवर प्रोग्रामरला दोषाची नेमकी ओळ सापडते.